घरपट्टीच्या भरवशावर उभी राहिलेली बँक

ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन म्हटलं की म्युनिक आठवतं. १९३८ सालचा करार, हिटलरची सही, आणि विमानातून उतरल्यावर हातात फडकवलेला तो कागद. या माणसाच्या खात्यावर एक बँकही जमा आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ती कुठल्या शेठजींची नव्हती आणि लंडनच्या सरकारचीही नव्हती. बर्मिंगहॅम शहराच्या पालिकेची ती स्वतःची बँक होती. पालिका जशी नळाला पाणी सोडते, गॅस पुरवते, ट्राम चालवते, तशीच ही पालिका लोकांच्या ठेवी घ्यायची, त्यावर व्याज द्यायची आणि घर घ्यायला कर्जही द्यायची. १९१६ ते १९७६, साठ वर्षं हा कारभार चालला.

आता गंमत अशी की कायद्याने उभी राहिलेली अशी पालिका-बँक अख्ख्या इंग्लंडात ही एकच. कल्पना चांगली होती, चाललीही उत्तम. मग मँचेस्टरची का नाही, लिव्हरपूलची का नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की बचत बँक ही वरवर साधी दिसणारी गोष्ट आतून काय असते, ते उलगडत जातं. माझ्या मते सगळा वाद एका मुद्द्याभोवती फिरतो. कामगाराचा शिलिंग एकटा असताना त्याला कुणी विचारत नाही. असे लाखो शिलिंग एका जागी गोळा झाले की ती रक्कम कुणाच्या हाती द्यायची, यावरून भलेभले हमरीतुमरीवर येतात.

थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांच्या दारात गरिबाला उभं करत नसत. दहा-वीस शिलिंगांचं खातं सांभाळणं त्यांना परवडणारं नव्हतं. १८१० मध्ये स्कॉटलंडच्या रथवेल गावात रेव्हरंड हेन्री डंकन यांनी गरिबांसाठी बचत बँक काढली आणि तो नमुना भराभर पसरला. गावातले प्रतिष्ठित लोक विश्वस्त व्हायचे, बिनपगारी काम करायचे, लोकांची पै-पै गोळा करायचे. यांना म्हणायचे विश्वस्त बचत बँका.

विश्वस्तांनी गोळा केलेला पैसा ठेवायचा कुठे? १८१७ च्या कायद्याने उत्तर दिलं: राष्ट्रीय कर्ज आयुक्तांकडे, म्हणजे सरकारकडे. त्यावर सरकार दर शंभर पाउंडांना रोज तीन पेन्स व्याज देणार. हिशेब केला तर वर्षाला साडेचार टक्क्यांहून थोडं जास्त. तेव्हाच्या मानाने हा दर एवढा उदार होता की सरकारलाच त्यात खोट येऊ लागली, आणि दर खाली आणावा लागला. पण पायंडा पडला. गावोगावच्या गरिबांची बचत सरळ लंडनला जाऊ लागली.

आणि विश्वस्त? त्यांच्यावर सगळा विश्वास, पण जबाबदारी नेमकी किती, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. रॉचडेलच्या बचत बँकेचा कारभारी जॉर्ज हॉवर्थ हा गावातला मोठा आदरणीय माणूस. १८४९ मध्ये तो वारला आणि वह्या तपासल्यावर कळलं की ७० हजार पाउंडांहून अधिक रकमेचा पत्ताच नाही. लोकांना वाटत होतं, आपल्या पैशाला सरकारची हमी आहे. सरकारने सांगितलं, आमच्याकडे जेवढा पोहोचला तेवढ्याचीच. वाटेत गावातच कुणी खाल्ला तर तो आमचा प्रश्न नाही.

कार्डिफचं प्रकरण तर आणखी भारी. १८८६ मध्ये तिथली बचत बँक अशाच अफरातफरीने बुडाली आणि विश्वस्तांवर दावे लागले. बँकेचे अध्यक्ष होते मार्क्विस ऑफ ब्यूट, देशातल्या सर्वांत श्रीमंत लोकांपैकी एक. ते अध्यक्ष कधी झाले? वयाच्या सहाव्या महिन्यात! वडील वारले आणि उपाधीबरोबर हे पदही पाळण्यातच मिळालं. त्यानंतरच्या अडतीस वर्षांत ते संचालकांच्या फक्त एका बैठकीला गेले. १८९२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं, कारण ज्या माणसाने कधी लक्षच घातलं नाही त्याला दुर्लक्षासाठी जबाबदार कसं धरणार, असा एकूण सूर. निकाल कायद्याच्या पुस्तकात अजून शिकवला जातो. बिचाऱ्या ठेवीदाराने त्यातून काय शिकायचं ते त्याचं त्याने ठरवावं.

मधल्या काळात, १८६१ साली, ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना पोस्टाची बचत बँक सुरू झाली. इथे हमी पूर्ण सरकारची, अफरातफर झाली तरी पैसे मिळणार. किमान ठेव एक शिलिंग, व्याज अडीच टक्के. तेव्हाच्या नाण्यांचा हिशेब असा: पाउंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पाउंडाचे २४० पेन्स. अडीच टक्क्यांनी पाउंडामागे वर्षाला सहा पेन्स, महिन्याला अर्धा पेनी. पोस्टातल्या कारकुनाला तोंडी करता यावा असा हिशेब! व्याज फक्त पूर्ण पाउंडांवर. वरच्या चिल्लरीवर काही नाही. हा अडीच टक्क्यांचा दर पुढची शंभर वर्षं हलला नाही.

म्हणजे सुरक्षितता मिळाली. पण पैसा पुन्हा लंडनलाच. बर्मिंगहॅमच्या भट्टीवर घाम गाळणाऱ्याची बचत पोस्टातून सरकारी कर्जरोख्यांत जायची, आणि त्याच बर्मिंगहॅमच्या पालिकेला गटारं बांधायला पैसे हवे असले की ती बाजारात जाऊन जास्त व्याजाने कर्ज काढायची.

हे असंच असावं लागतं असं नव्हे. जर्मनीत उलट घडलं. १८०१ मध्ये ग्योटिंगेन शहराने स्वतःची बचत बँक काढली आणि ठेवींची हमी शहराने स्वतः घेतली. १८३८ मध्ये प्रशियाने या शहरी बँकांसाठी रीतसर नियम केले. ठेवी गावातल्या, कर्जं गावातल्या घरांना आणि धंद्यांना, हमी गावाची. तिथे हे एवढं अंगवळणी पडलं की शहराला टाउन हॉल असतो तशी बचत बँकही असते, असंच लोक धरून चालतात. फ्रान्सने ब्रिटनसारखी वाट धरली आणि १८३७ पासून बचत बँकांचा पैसा पॅरिसमधल्या सरकारी ठेव-निधीकडे वळवला. तेव्हा प्रश्न आर्थिक शहाणपणाचा जेवढा, तेवढाच देश कसा चालवायचा याचाही आहे.

बर्मिंगहॅमला ही जर्मन पद्धत सुचावी यात नवल नव्हतं. नेव्हिलचे वडील जोसेफ चेंबरलेन १८७३ ते १८७६ या काळात तिथले महापौर होते. मूळ धंदा स्क्रूचा. तीन वर्षांत या माणसाने शहराचा कायापालट केला. सुमारे २० लाख पाउंड मोजून पालिकेने दोन खासगी गॅस कंपन्या विकत घेतल्या. पहिल्याच वर्षी ३४ हजार पाउंड नफा झाला. मग पाणीपुरवठा ताब्यात घेतला, आणि पाण्यावर मात्र नफा कमवायचा नाही असं ठरवलं. गलिच्छ वस्त्या पाडून कॉर्पोरेशन स्ट्रीट काढला. विरोधक याला ‘गॅस आणि पाण्याचा समाजवाद’ म्हणून हिणवायचे. चेंबरलेन घराणं समाजवादी वगैरे काही नव्हतं. कारखानदारी डोक्याने त्यांनी पाहिलं की मक्तेदारीचा धंदा असेल तर त्याचा फायदा शहराने का घेऊ नये.

धाकटे नेव्हिल यांची सुरुवात मात्र फसलेली. वडिलांनी त्यांना बहामा बेटांवर घायपाताच्या शेतीला पाठवलं. घायपाताच्या तंतूंपासून दोरखंड करून विकायचे असा बेत. काही वर्षं उन्हात राबून वडिलांचे ५० हजार पाउंड मातीत गेले. परत येऊन ते बर्मिंगहॅमला धातुकामाच्या धंद्यात शिरले, जहाजांवरचे पलंग बनवणारा कारखाना चालवला, १९११ मध्ये नगरसेवक आणि १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये लॉर्ड मेयर झाले.

तेव्हा महायुद्ध पेटलेलं होतं. बर्मिंगहॅम म्हणजे तोफगोळे, काडतुसं, बंदुका. कारखाने रात्रंदिवस चालू, जादा तासांचा पगार, घरातल्या बायकाही कामावर. ज्या कुटुंबांनी कधी शिल्लक पाहिली नव्हती, त्यांच्या हातात आठवड्याच्या शेवटी चार पैसे उरू लागले. सरकारला दोन चिंता. एक, युद्धाला पैसा हवा. दुसरी, बाजारात माल कमी आणि लोकांच्या खिशात पैसे जास्त, म्हणजे भाव चढणार. तो पैसा बचतीत वळला तर दोन्ही प्रश्न थोडे हलके होतात. त्यासाठी सरकारने १९१६ च्या सुरुवातीला १५ शिलिंग ६ पेन्सचं युद्ध बचत प्रमाणपत्र काढलं. पाच वर्षांनी त्याचा पूर्ण पाउंड मिळायचा.

नेव्हिल यांचं म्हणणं असं की सरकारी कागद कामगाराला परका वाटतो. त्याला ओळखीची जागा हवी. पगारातूनच दर आठवड्याला थोडे पैसे वळते करावेत, पालिकेच्या बँकेत जमा करावेत, आणि त्यावर पोस्टापेक्षा एक टक्का जास्त, म्हणजे साडेतीन टक्के व्याज द्यावं. ठेवींना शहराची हमी.

या ‘शहराची हमी’चा अर्थ नीट समजून घेऊ, कारण सगळी बँक त्यावर उभी आहे. ब्रिटनमधल्या पालिकेचं हक्काचं उत्पन्न म्हणजे ‘रेट्स’, आपल्या भाषेत घरपट्टी. फरक एवढाच की तिकडे ती घरात राहणाऱ्याकडून घेतली जायची. पालिका दरवर्षी खर्चाचा अंदाज काढते आणि तेवढी वसुली होईल असा दर ठरवते. उद्या बँकेकडे ठेवी परत करायला पैसे कमी पडले, तर पालिका घरपट्टी वाढवून ती तूट भरून काढणार. खासगी बँक बुडाली तर भागधारकांचं भांडवल संपल्यावर पुढे भिंत असते. इथे भिंत नाही. जोवर शहरात घरं आहेत आणि त्यांत माणसं राहतात तोवर वसुलीची सोय आहे. अर्थात ठेवीदार आणि घरपट्टी भरणारे बरेचसे तेच लोक. तेव्हा एका अर्थाने बर्मिंगहॅमकर आपलीच हमी आपण घेत होते.

बँकवाल्यांचा तिळपापड झाला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. आम्ही स्वतःच्या भांडवलावर धंदा करतो, आणि पालिका करदात्याच्या जिवावर आमच्यापेक्षा जास्त व्याज देणार, ही कसली स्पर्धा? अर्थखात्यालाही हे रुचलं नाही. पोस्टातून येणारा स्वस्त पैसा हा त्यांचा हक्काचा ओघ. तो प्रत्येक शहराने आपल्याकडे वळवला तर खजिन्याने काय करायचं? आणि नवल म्हणजे कामगार संघटनाही साशंक होत्या. पगारातून किती शिल्लक पडते हे मालकाला कळलं, तर उद्या पगारवाढ मागताना तो म्हणणार, तुमचं तर भागतंय की! मला ही शंका सगळ्या आक्षेपांत जास्त खरी वाटते. बँकर आपल्या नफ्याविषयी बोलत होता, अर्थखातं आपल्या अधिकाराविषयी. कामगार अनुभवावरून बोलत होता.

पहिला प्रयत्न गुंडाळावा लागला. नेव्हिल यांनी पिच्छा सोडला नाही आणि ऑगस्ट १९१६ मध्ये कायदा झाला. पण त्यात एवढ्या अटी घातल्या होत्या की वाचताना वाटतं, कायदा करणाऱ्यांना बँक निघावी अशी इच्छाच नव्हती. अडीच लाखांवर लोकवस्ती असलेल्या शहरांनाच परवानगी. ठेव फक्त नोकरदाराची, तीही मालकामार्फत पगारातून कापलेली. सरळ खिडकीवर येऊन पैसे भरायची सोय नाही. एका माणसाचे जास्तीत जास्त २०० पाउंड. जमा झालेला पैसा युद्धकर्जात गुंतवायचा. आणि युद्ध संपल्यावर तीन महिन्यांत बँकेने गाशा गुंडाळायचा. या अटी बघून बाकीच्या शहरांनी हात जोडले. एकट्या बर्मिंगहॅमने धाडस केलं.

२९ सप्टेंबर १९१६ ला ‘बर्मिंगहॅम कॉर्पोरेशन सेव्हिंग्ज बँक’ उघडली. जागा कुठली, तर पालिकेच्या पाणी खात्याचं तळघर. व्यवस्थापक जे. पी. हिल्टन. कारखान्यात पगाराच्या दिवशी कामगाराला कापलेल्या रकमेची कूपनं मिळायची, ती जमवून खात्यावर पैसे चढायचे. मालकाला त्यामुळे कापलेली रक्कम कळायची, पण खात्यातून कधी किती काढले हे कळायचं नाही. नेव्हिल स्वतः फार काळ लॉर्ड मेयर राहिले नाहीत. पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांनी त्यांना राष्ट्रीय सेवेच्या खात्यावर लंडनला बोलावलं. ती नेमणूक पुरती फसली आणि दोघांचं वैर जन्मभराचं झालं. बँक मात्र मागे चालत राहिली.

युद्ध संपलं. कायद्याप्रमाणे बँक बंद व्हायला हवी होती. पण तोवर हजारो घरांत तिची पासबुकं पोहोचली होती, आणि ती बंद करणं राजकीयदृष्ट्या महाग पडलं असतं. नेव्हिल डिसेंबर १९१८ मध्ये बर्मिंगहॅमच्या लेडीवुडमधून खासदार झाले होते. १९१९ मध्ये पालिकेने आपला स्वतंत्र कायदा संसदेतून मंजूर करून घेतला आणि १ सप्टेंबर १९१९ ला ‘बर्मिंगहॅम म्युनिसिपल बँक’ सुरू झाली. ही खरी बँक. मालकाची मध्यस्थी गेली, कुणीही यावं आणि खातं उघडावं. वस्त्यावस्त्यांत शाखा निघाल्या. कामावरून परतताना पैसे टाकता यावेत अशी ती सोय.

आता ही बँक आतून कशी चालायची ते पाहू. समजा ठेवीदारांनी मिळून १०० पाउंड ठेवले. हे बँकेचे पैसे नाहीत, बँकेने लोकांचे द्यायचे पैसे आहेत. त्यावर तिला वर्षाला साडेतीन पाउंड व्याज मोजायचं आहे. ते कुठून आणायचं? काही रक्कम रोख आणि लगेच विकता येतील अशा सरकारी रोख्यांत. काही रक्कम घरकर्जात. आणि काही पालिकेलाच कर्जाऊ, म्हणजे शाळा, रस्ते, पाणी, वसाहती यांसाठी. या तीन कप्प्यांतून मिळून साडेतीन पाउंडांपेक्षा थोडं जास्त व्याज आलं, तर नोकरांचे पगार आणि जागेचं भाडं निघतं आणि उरलेलं गंगाजळीत जातं. भागधारक नसल्यामुळे लाभांश कुणाला द्यायचाच नाही. म्हणूनच ठेवीदाराला जरा जास्त आणि कर्जदाराला जरा कमी दर लावता येतो.

पालिकेच्या बाजूने पाहा. तिला बाजारात रोखे विकून कर्ज काढायचं तर दलाली, छपाई, लंडनच्या दलालांची मर्जी, वर बाजारभावाचं व्याज. आपल्याच बँकेतून घेतलं तर हा सगळा मधला खर्च वाचतो. शहरातल्या माणसाने ठेवलेला पाउंड त्याच शहराच्या जमिनीखाली पाइप होऊन जातो, त्या पाइपाची पट्टी तोच माणूस भरतो आणि त्यातून त्यालाच व्याज मिळतं.

मला सगळ्यात आवडतं ते घरकर्जाचं खातं. भाड्याच्या घरात राहणाऱ्या ठेवीदाराला तेच घर विकत घ्यायला बँक पैसे द्यायची. अट एकच महत्त्वाची: आधी ठेवीदार असलं पाहिजे. म्हणजे काही काळ नियमाने पैसे टाकून दाखवा, मग कर्ज मागा. कर्ज देणाऱ्याला कर्जदाराची पत जोखायला यापेक्षा चांगला कागद मिळत नाही. पासबुकातल्या दर आठवड्याच्या नोंदी हीच त्याची कुंडली. ज्या कामगाराकडे गहाण ठेवायला काही नव्हतं, जामीन राहायला कुणी नव्हतं, त्याला पासबुकाने पत मिळवून दिली.

आता यातला धोका. हुशार विरोधक याच जागी बोट ठेवायचे आणि त्यांचं पूर्ण चूक नव्हतं. ठेवीदार आपले पैसे थोड्या सूचनेवर परत मागू शकतो. पालिकेला दिलेलं कर्ज मात्र वीस-तीस वर्षांत फिटणार आणि घरकर्जही तसंच. पाइप उकरून विकता येत नाही. एके दिवशी घबराट पसरली आणि सगळेच खिडकीवर आले तर? घरपट्टीची हमी आहे खरी, पण घरपट्टी वर्षभरात हप्त्याने वसूल होते. ती सोमवारी सकाळी दहा वाजता रोख होऊन समोर येत नाही. हमी म्हणजे पैसे बुडणार नाहीत याची खात्री. पैसे आज मिळतील याची खात्री त्यात नसते. हा फरक बँकेच्या धंद्यात जीवनमरणाचा आहे. उपाय म्हणजे पहिला कप्पा, रोख आणि सरकारी रोख्यांचा, भरपूर मोठा ठेवणे. बर्मिंगहॅमने तो सांभाळला. बाकीची शहरं सांभाळतील का, ही शंका लंडनला कायम होती.

बर्मिंगहॅमची भरभराट पाहून इतर शहरांनीही अधिकार मागायला सुरुवात केली. स्कॉटलंडमधल्या काही छोट्या गावांनी तर संसदेची वाटच पाहिली नाही. कर्किंटिलॉखसारख्या ठिकाणी १९२० च्या सुमारास नगरसेवकांनी चक्क कंपनी कायद्याखाली मर्यादित कंपनी नोंदवली, तिला म्युनिसिपल बँक असं नाव दिलं, लोकांच्या ठेवी घेतल्या आणि त्या गावच्या पालिकेला कर्जाऊ दिल्या. युक्ती नामी, पण इथे हमीचा पाया कच्चा. मागे उभी असलेली कंपनी नाममात्र भांडवलाची, आणि पालिकेची जबाबदारी घेतलेल्या कर्जापुरती. ‘म्युनिसिपल’ हा शब्द बघून पैसे टाकणाऱ्याला हे कोण समजावणार?

सरकारने १९२६ मध्ये समिती नेमली. अध्यक्ष लॉर्ड ब्रॅडबरी. हे गृहस्थ अर्थखात्यातले माजी सचिव. १९१४ मध्ये युद्धामुळे सोन्याची नाणी काढून घेऊन कागदी नोटा आणल्या तेव्हा त्यांवर यांचीच सही होती आणि लोक त्या नोटांनाच ‘ब्रॅडबरी’ म्हणत. अर्थखात्याच्या माणसाला विचारलं की शहरांनी आपापल्या बँका काढाव्यात का, तर उत्तर काय येणार ते समिती बसायच्या आधीच ठाऊक असावं. १९२८ च्या अहवालाने सल्ला दिला की असा विस्तार करू नये. बर्मिंगहॅमची बँक चांगली चालली आहे, ती चालू द्या, पण नवीन नकोत. त्या वेळी मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री म्हणून कोण बसलं होतं? नेव्हिल चेंबरलेन. आपलं लेकरू सांभाळून त्यांनी बाकीच्या शहरांसाठी फार जीव टाकला नाही, असं दिसतं.

त्यानंतरचा काळ बँकेच्या वैभवाचा. ब्रॉड स्ट्रीटवर नवीन मुख्यालय बांधायचं ठरलं. आराखडा टी. सेसिल हॉविट यांचा; नॉटिंगहॅमचं काउन्सिल हाउस त्यांचंच. पांढऱ्या पोर्टलंड दगडाची, पुढे उंच खांब असलेली, ग्रीक देवळासारखी इमारत. तळघरात लोखंडी कप्प्यांची तिजोरी. पायाचा दगड २२ ऑक्टोबर १९३२ रोजी नेव्हिल यांनी बसवला. तेव्हा ते देशाचे अर्थमंत्री होते, आणि चारच महिन्यांपूर्वी त्यांनी सुमारे २०० कोटी पाउंडांच्या युद्धकर्जाचं व्याज पाच टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांवर आणलं होतं. म्हणजे पैसा स्वस्त केला, आणि त्याबरोबर सगळ्याच ठेवीदारांच्या व्याजाला कात्री लागली. बचतीचं मंदिर बांधणारा आणि बचतीचं व्याज उतरवणारा हात एकच. मंदीच्या काळात कर्ज स्वस्त होणं गरजेचं होतं, घरबांधणी त्यामुळेच उचलली. तरी योगायोग गमतीचा आहेच. २७ नोव्हेंबर १९३३ ला प्रिन्स जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालं. बँकेचं ब्रीदवाक्य होतं ‘काटकसर सुख पसरवते’. जरा शाळामास्तरी, पण त्या काळाला शोभणारं.

दुसऱ्या महायुद्धानंतरची कहाणी संथ आहे. बँक बुडाली नाही, घोटाळा झाला नाही, दारात रांगा लागल्या नाहीत. तिला मागे टाकलं ते बदललेल्या गरजांनी. कामगाराचा पगार पाकिटातून न येता खात्यावर येऊ लागला, त्याला चेकबुक हवं झालं, हप्त्यावर वस्तू घ्यायला कर्ज हवं झालं. १९१९ च्या कायद्याने पालिकेला बचत बँक चालवायची मुभा दिली होती, व्यापारी बँक नव्हे. दर नव्या सोयीसाठी संसदेचं दार ठोठवायचं, हे किती काळ चालणार? १९७३ मध्ये सरकारने नेमलेल्या पेज समितीने सुचवलं की देशभरच्या विश्वस्त बचत बँकांना पूर्ण बँकेचे अधिकार द्यावेत. १९७६ मध्ये तसा कायदा आला. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या बँकेने पालिकेचं घर सोडलं आणि ती विश्वस्त बचत बँक झाली. ज्या पद्धतीला पर्याय म्हणून ती जन्मली होती, त्याच कुळात ती शेवटी दत्तक गेली. घरपट्टीची हमी तिथे संपली.

पुढे सगळ्या विश्वस्त बँका एकमेकींत मिसळत गेल्या. १९८३ पर्यंत इंग्लंड आणि वेल्सची मिळून एकच ‘टीएसबी’ (ट्रस्टी सेव्हिंग्ज बँक, म्हणजे विश्वस्त बचत बँक) उरली. सरकारने ती शेअर बाजारात आणायचं ठरवलं तेव्हा विचित्र अडचण उभी राहिली. विकायची आहे, पण मालक कोण? दीडशे वर्षांत साठलेली गंगाजळी कुणाची? काही ठेवीदार म्हणाले, आमची. आमच्याच पैशातून ती उभी राहिली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८६ चा निकाल असा, की ठेवीदाराचा हक्क त्याच्या ठेवीवर आणि व्याजावर. उरलेल्या मालमत्तेवर त्याची मालकी नाही, अंतिम हक्क राज्याचा. सरकारने तो वापरला नाही. त्याच वर्षी शेअर विकले गेले, जवळजवळ १३० कोटी पाउंड आले, आणि विकणारा मालकच नसल्यामुळे ते पैसे विकल्या गेलेल्या बँकेच्याच तिजोरीत पडले. शेअर घेणाऱ्यांना बँकही मिळाली आणि तिची किंमतही. असा सौदा कुणाला आवडणार नाही? अर्जांचा पाऊस पडला. बर्मिंगहॅमकरांनी साठ वर्षं आठवड्याला शिलिंग टाकून वाढवलेला वाटाही त्यात वाहून गेला. १९९५ मध्ये टीएसबी लॉइड्स बँकेत विलीन झाली. ब्रॉड स्ट्रीटची इमारत आता बर्मिंगहॅम विद्यापीठाकडे आहे.

जर्मनीतल्या शहरी बचत बँका मात्र आजही शेकड्यांनी चालू आहेत. त्यांच्या हमीवरही शेवटी बालंट आलं. १९९९ मध्ये युरोपातल्या खासगी बँकांच्या महासंघाने ब्रुसेल्सकडे, म्हणजे युरोपीय आयोगाकडे, तक्रार केली की सार्वजनिक हमीमुळे या बँकांना स्वस्तात पैसा मिळतो आणि स्पर्धा बिघडते. शब्द नवे असले तरी १९१६ मध्ये ब्रिटिश बँकर नेमकं हेच म्हणत होते. २००१ मध्ये तडजोड झाली आणि १८ जुलै २००५ पासून नव्या देण्यांना ती हमी लागू होणं थांबलं. त्याआधीच या बँकांनी आपापसात सामाईक संरक्षण निधी उभा केला होता. एखादी अडचणीत आली तर बाकीच्या सावरतात. शहराने आपली बँक विकावी की ठेवावी, यावर तिथे अधूनमधून वाद होतो, पण मालक कोण हा प्रश्न कुणाला कोर्टात न्यावा लागत नाही. पहिल्या दिवसापासून ते कागदावर लिहिलेलं असतं.